करदोटा घट्ट का झाला? मोठ्या माणसांमधला लठ्ठपणा समजून घेऊ या



आपल्या कौटुंबिक समूहांवर आरोग्याविषयी जे प्रश्न येतात, ते आम्ही काही महिने एका वहीत टिपून ठेवले. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि सोनोग्राफीत निघालेलं ‘फॅटी लिव्हर’, या चार विषयांनीच बरीच पानं भरली. चौघांसाठी उपायही वेगवेगळे फिरतात. एकाला मेथीचं पाणी, दुसऱ्याला लसूण, तिसऱ्याला कसलंसं तेल. पण या चारही तक्रारी एकाच माणसाला असल्याचं आपण किती तरी घरांत बघतो, आणि तो योगायोग नाही. त्यांचं मूळ पुष्कळ वेळा एकाच जागी असतं, बेंबीच्या मागे. म्हणून या वेळचा पाठ पोटावर.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. हा पाठ कुणाच्या दिसण्याबद्दल नाही. लग्नकार्यात भेटल्या भेटल्या “अगं, किती सुटलीस!” म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यात माया असते हे मान्य, पण ऐकणारी त्या दिवशी दोन घास कमी खाते आणि रात्री फ्रिज उघडते. टोमण्याने कुणाचं वजन उतरल्याचं आम्ही पाहिलेलं नाही. वैद्यकीय अभ्यासही हेच सांगतात की, हिणवलं गेल्यावर माणूस व्यायामापासून आणि डॉक्टरांपासून दूर पळतो. तेव्हा समूहावर हा लेख पाठवताना कुणाचं नाव घेऊन “तुझ्यासाठी आहे हं” असं कृपया लिहू नये.

काटा काय सांगत नाही

“आमचे हे तर सडपातळच आहेत, मग साखर कशी निघाली?” हा प्रश्न वहीत सगळ्यांत जास्त वेळा आलेला आहे. याचं उत्तर पुण्यातल्या एका संशोधनात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघे शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. बीएमआय म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. या आकड्याप्रमाणे दोघेही ठणठणीत. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. वजन-उंचीचा हिशेब तोच, पण एकाच्या अंगात स्नायू जास्त आणि दुसऱ्याच्या अंगात चरबी जास्त.

ही ठेवण कुठून येते? याच गटाने पुण्याजवळच्या ६ खेड्यांतल्या नवजात बाळांची मापं घेतली आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटाचे अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. किडकिडीत दिसणारं बाळ आतून चरबी जपूनच जन्माला आलेलं होतं. आईला गरोदरपणात पुरेसं पोषण मिळालं नाही, की गर्भ काटकसर शिकतो आणि मिळेल ते साठवून ठेवतो, असा याचा अर्थ लावला जातो. दुष्काळात ही काटकसर कामाला येते. पण तेच बाळ मोठं होऊन दुकानात किंवा बँकेत दिवसभर खुर्चीवर बसायला लागलं आणि घरात साखर-तेल भरपूर असलं, की साठवण थेट पोटात सुरू होते. हातपाय बारीक आणि मधे नगारा, ही आपल्याकडच्या पुरुषांची ओळखीची आकृती तिथूनच येते.

म्हणूनच भारतीयांसाठी मर्यादा वेगळ्या धरल्या जातात. जगभरात बीएमआय २५ च्या वर गेला की जादा वजन आणि ३० च्या वर गेला की लठ्ठपणा म्हणतात. आपल्याकडे २३ ला सावध व्हायचं आणि २५ ला लठ्ठपणा समजायचा. साडेपाच फुटांना जरा कमी, म्हणजे १६५ सेंमी उंचीच्या माणसासाठी २३ म्हणजे सुमारे साडेबासष्ट किलो आणि २५ म्हणजे ६८ किलो. ६८ किलोच्या माणसाला आपल्या घरात कुणी लठ्ठ म्हणेल का? उलट “तब्येत चांगली आहे” म्हणतील.

त्याहून उपयोगी माप कंबरेच्या घेराचं. पुरुषांसाठी ९० सेंमी आणि स्त्रियांसाठी ८० सेंमी ही मर्यादा. माप घेताना बरगडीचं शेवटचं हाड आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या मधोमध शिंप्याचा फीत-टेप धरायचा, श्वास सहज सोडायचा आणि वाचायचं. पोट आत ओढायचं नाही (हे सांगावं लागतं!). पँटच्या मापावर मुळीच विसंबू नका. पुष्कळ पुरुष पोट वाढलं की पँट खाली सरकवतात. वीस वर्षं माप ३४ च राहतं आणि पोट पट्ट्यावरून पुढे येतं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या कमरेला करदोटा असायचा. तो काचायला लागला की घरातल्या बाईच्या लक्षात यायचं. करदोटे गेले, आणि इलॅस्टिकचे कपडे आले. इलॅस्टिक काही बोलत नाही.

आता थोडे आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे २०२२ मध्ये जगात ८९ कोटी प्रौढ लठ्ठ होते, आणि १९९० च्या तुलनेत प्रौढांमधलं हे प्रमाण दुपटीहून वाढलं आहे. आपल्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २५ च्या वर बीएमआय असलेल्या स्त्रिया २००५-०६ मध्ये १२.६ टक्के होत्या, २०१९-२१ मध्ये २४ टक्के झाल्या. पुरुष ९.३ वरून २२.९ वर गेले. शहरी स्त्रियांत तर तिघींत एक. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १ लाखाहून जास्त लोक तपासून केलेला मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत आढळला, उच्च रक्तदाब ३५.५ टक्क्यांत आणि मधुमेह ११.४ टक्क्यांत. गोव्यातल्या परिवारांनी विशेष लक्ष द्यावं असा एक आकडा त्यातच आहे. मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात सर्वाधिक निघालं, २६.४ टक्के.

दोन्हीकडचं गोडधोड

आपण मंडळी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलो. कुणी होळकर-शिंदे-गायकवाडांच्या काळापासून, कुणी नोकरी-व्यापाराच्या निमित्ताने. जिथे गेलो तिथलं आवडीने घेतलं आणि आपलंही सोडलं नाही. त्यामुळे आपल्या ताटाची गंमत अशी झाली आहे की, दोन्हीकडचं गोडधोड एकाच पोटात जातं. इंदूरकरांच्या घरी पुरणपोळी आहेच, शिवाय सकाळी पोहे-जलेबी आणि वर मूठभर शेव. ग्वाल्हेरला बेडई-कचोरी. वडोदऱ्याला सेव-उसळ, रविवारी फाफडा-जलेबी, आणि वरणातही साखर. हैदराबादेत इराणी चहाबरोबर उस्मानिया बिस्किटं. बेळगावचा कुंदा पाहुण्यांच्या हातून सगळीकडे पोचतो. गोव्यात सकाळ-संध्याकाळ पाव आणि दुपारी भात.

यातल्या एकाही पदार्थाशी आमचं वैर नाही. आमची तक्रार निराळी आहे. हे सगळे कधीमधी खायचे पदार्थ होते. पुरणपोळी होळीला होती, श्रीखंड पाडव्याला, करंज्या दिवाळीला. पुरण वाटायला पाट्यावर तास घालवावा लागे, त्यामुळे आपोआप मर्यादा पडत असे. आता श्रीखंडाचा डबा बारमाही फ्रिजमध्ये असतो. सणाचा पदार्थ रोजचा झाला आणि रोजचे कष्ट मात्र कुठल्याच सणाला राहिले नाहीत. विहीर, जातं, पाटा, सायकल, जिना, एकेक करून सगळं गेलं. मिक्सर, वॉशिंग मशीन, स्कूटर, लिफ्ट आली. ती परत द्या असं कुणी म्हणणार नाही, आम्हीही नाही. पण त्या कामांत खर्च होणारी ताकद आता साठते, एवढं तर मोजावं लागेल.

मोजायचंच तर तेलापासून सुरुवात करू. मोठा चमचाभर तेल, म्हणजे १५ मिली, साधारण १२० कॅलरी देतं. मध्यम बांध्याचा माणूस अर्धा तास भरभर चालला तर जवळपास तेवढ्याच खर्च होतात. भाजीच्या कढईत पळीभर तेल जास्त पडलं तर डोळ्यांना कळतही नाही, आणि घाम मात्र अर्ध्या तासाचा. आहारतज्ज्ञ माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर तेलाचा हिशेब देतात, म्हणजे चौघांच्या घराला २ लिटर. आपल्या घरी महिन्याला तेलाच्या किती पिशव्या येतात ते किराणाच्या यादीत बघा. उत्तर यादीतच मिळेल, डॉक्टरांकडे जावं लागणार नाही. तूपही यातच धरायचं. तूप सात्त्विक आहे म्हणून त्याच्या कॅलरी कमी होत नाहीत.

दुसरा हिशेब चहाचा. दिवसाला चार चहा, प्रत्येकात दोन लहान चमचे साखर, म्हणजे जवळजवळ ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. आपण बिस्किटाला हात लावायच्या आधीच मर्यादा ओलांडलेली असते. आणि गूळ किंवा मध घातला तर? तीही साखरच. सकाळी लिंबू-मध-पाणी घेऊन चरबी वितळते या समजात आपण रोज एक चमचा गोड वाढवतो.

तिसरं कारण पाकिटांचं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ मध्ये २० माणसांना महिनाभर ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले पाकीटबंद पदार्थ, दोन आठवडे साधं घरगुती पद्धतीचं जेवण. हवं तेवढं खायची मुभा. पाकीटबंद पदार्थांच्या काळात त्याच माणसांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास १ किलोने वाढलं. त्यांचा संयम सुटला असं नव्हे. ते अन्न मऊ असतं, पटापट गिळलं जातं, आणि पोट भरल्याचा निरोप डोक्यात पोचेपर्यंत पाकीट रिकामं झालेलं असतं. ‘मन ताब्यात ठेवा’ असा उपदेश करणाऱ्यांनी हा प्रयोग एकदा वाचावा. मनाला ताब्यात ठेवण्यापेक्षा पाकीट घरात न आणणं सोपं आहे.

झोपेचंही तसंच. रात्री बारा-एकपर्यंत मोबाइल आणि सकाळी सहाला डबे. झोप कमी पडली की भूक वाढवणारं संप्रेरक चढतं आणि तृप्ती देणारं उतरतं. दुसऱ्या दिवशी गोड-तळलेलं हवंसं वाटतं ते त्यामुळे.

बाकीची कारणं थोडक्यात. घराण्यातली जनुकं असतात, आणि ती खरीच असतात. बायकांमध्ये बाळंतपण आणि मग पाळी जाण्याचा काळ, या दोन वळणांवर पोट वाढतं. स्टेरॉइड, मनाच्या आजारांवरची काही औषधं, मधुमेहाच्या काही गोळ्या यांनीही वजन वाढतं. ती आपल्या मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांशी बोलायचं. थायरॉइडवर मात्र आपण फार ढकलतो. थायरॉइड कमी पडल्याने वाढणारं वजन साधारण २ ते ५ किलो असतं, त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा. २० किलो वाढले असतील तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

चरबी आत काय करते

चरबी म्हणजे अंगावर चढवलेली गादी, निर्जीव, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. चरबीच्या पेशी जिवंत असतात, रक्तात सतत काही ना काही सोडत असतात. मांडीवरची, कुल्ह्यांवरची चरबी त्या मानाने शांत. पोटात आतड्यांभोवती आणि यकृताभोवती साठलेली चरबी उपद्रवी. तिच्यातून सुटलेले स्निग्ध अंश थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात. यकृत ते साठवून घेतं आणि स्वतःच चरबीने भरायला लागतं. सोनोग्राफीच्या कागदावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ लिहून येतं ते हेच. “सगळ्यांनाच असतं हो” म्हणून तो कागद कपाटात जातो. आमच्या मते तो कागद देवघराजवळ लावून ठेवण्याच्या लायकीचा आहे, कारण शरीराने दिलेली ती पहिली लेखी सूचना असते. अजून काही दुखत नसतं आणि मागे फिरणं पूर्ण शक्य असतं.

मग यकृताला आणि स्नायूंना इन्शुलिनची हाक नीट ऐकू येईनाशी होते. स्वादुपिंड आणखी मोठ्याने हाका मारतं, म्हणजे जास्त इन्शुलिन तयार करतं. काही वर्षं यात निभावतं. तपासणीत साखर ठीक येते आणि आपण निश्चिंत असतो. पुढे स्वादुपिंड थकतं आणि साखर चढते. युरोपातल्या लोकांपेक्षा आपल्याकडे हा टप्पा साधारण दहा वर्षं आधी येतो. चाळिशीत, मुलं शाळेत असताना, घरातला कमावता माणूस मधुमेही होतो. त्याला पुढची तीस-चाळीस वर्षं त्या साखरेबरोबर काढायची असतात. डोळे, मूत्रपिंड, पाय, हृदय यांवर परिणाम व्हायला तेवढा काळ पुष्कळ झाला.

याच वाटेवर रक्तदाब वाढतो, रक्तातले ट्रायग्लिसराइड वाढतात, चांगलं कोलेस्टेरॉल उतरतं आणि अंगभर एक मंद दाह धुमसत राहतो. हृदयाच्या झटक्याला लागणारी सगळी सामग्री एका घरात जमा होते.

गुडघ्यांचं गणित वेगळं आणि थेट आहे. अंगावरचं १ किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. पाच किलो उतरले तर वीस किलोचं पोतं उतरवून ठेवल्यासारखं. तेल चोळून हे होणार नाही.

घोरण्याला आपण विनोद समजतो. मोठ्याने घोरणं, मधेच श्वास अडकून धडपडून जाग येणं आणि दिवसा बसल्या जागी डुलकी लागणं, हे तिन्ही असेल तर गळ्याभोवतीची चरबी झोपेत श्वासाची वाट दाबते आहे असं समजून तपासून घ्यायला हवं. अशा माणसाला गाडी चालवताना डुलकी लागू शकते. हे घोरणाऱ्याला स्वतःला कळत नाही, शेजारी झोपणाऱ्यालाच कळतं. म्हणून ताई-वहिनींनो, हे तुम्हीच डॉक्टरांना सांगायचं आहे.

स्त्रियांमध्ये पाळीच्या तक्रारी, पीसीओएस, मूल राहण्यात अडचण, आणि पाळी गेल्यावर स्तनाचा व गर्भाशयाचा कर्करोग यांचा संबंध लठ्ठपणाशी आहे. एकूण १३ प्रकारच्या कर्करोगांचा धोका जास्तीच्या चरबीमुळे वाढतो असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलं. धोका वाढतो, म्हणजे होतोच असं नाही. घाबरून जाण्यासाठी हे लिहिलेलं नाही.

एकट्याने करायचं काम नाही

आता उपायांकडे. दिलासा देणारी गोष्ट अशी की फार उतरवावं लागत नाही. ८० किलोच्या माणसाने ५-६ किलो उतरवले तरी यकृतावरची चरबी, साखर, रक्तदाब, तिन्ही खाली येऊ लागतात. अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन ७ टक्के उतरवण्याचं ध्येय ठेवलं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालले. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने भारतीयांवर असाच प्रयोग केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे घट २८.५ टक्के. विशेष म्हणजे चेन्नईच्या मंडळींचं वजन फारसं उतरलं नव्हतं. चालणं आणि ताट बदलणं एवढ्यानेच फरक पडला. तेव्हा काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

पण हे काम घरातल्या एकाच माणसावर टाकून होत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. नेहमी काय घडतं? डॉक्टर बाबांना पथ्य सांगतात. मग आईने बाबांसाठी वेगळी भाजी करायची, मुलांसाठी वेगळी, आणि स्वतः दोन्हीतलं उरलेलं संपवायचं. “टाकायचं कसं?” म्हणून तीन वाजता थंड पोळी आणि रात्री पातेल्यातला शेवटचा भात. वर्षभरात बाबांचं जे काही उतरतं ते आईच्या अंगावर चढतं. तिच्या पोटाकडे कुणी टेप घेऊन गेलेलंच नसतं. म्हणून कंबर मोजायची तर घरातल्या सगळ्या मोठ्यांची मोजा, आणि भाजी सगळ्यांना एकच होऊ द्या. पिठाचं मापही जरा कमी घ्या. उरलंच नाही तर संपवावं लागणार नाही.

ताटाचं म्हणाल तर आपलं जुनं ताट काही वाईट नव्हतं. डाव्या बाजूला कोशिंबीर, चटणी, उजवीकडे भाजी-उसळ, मधे भात-पोळी. आज डावी-उजवी बाजू आकसली आहे आणि मधलं सगळं ताट व्यापून बसलं आहे. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं, पाव ताट डाळ-उसळ-ताक-मासे-अंडी यांपैकी जे आपल्या घरात चालतं त्याचं, आणि पाव ताट पोळी-भाकरी-भाताचं, एवढी अदलाबदल पुरेशी आहे. उसळीचा आग्रह अशासाठी की स्नायू टिकले पाहिजेत. जेवणानंतर रक्तातली बहुतेक साखर स्नायूच उचलतात, आणि आपले स्नायू मुळातच कमी. म्हणून नुसतं चालून भागत नाही. आठवड्यातून दोन दिवस तरी जोराचा व्यायाम हवा. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून ढकलणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, साठीतल्यांनाही हे झेपतं. रात्रीचं जेवण आटोपल्यावर दहा-पंधरा मिनिटं सगळ्यांनी मिळून फेरी मारावी. मालिका कुठे पळून जात नाही.

प्रसादाबद्दल दोन ताईंनी विचारलं होतं. प्रसाद नाकारावा असं आम्ही म्हणणार नाही. पण प्रसाद तळहाताच्या खोलगटात मावेल एवढाच असतो, द्रोणभर शिरा हे जेवण झालं. महिन्याच्या एकत्रीकरणात महाप्रसादाला हरभऱ्याची उसळ, काकडीची कोशिंबीर, ताक आणि थोडा मसालेभात ठेवून बघायला काय हरकत आहे? आग्रह करून वाढण्याची पद्धत मात्र बंद करावी, ही विनंती. “माझ्या हातचं एक घेच” यात प्रेम आहे, पण पलीकडच्या माणसाची साखर आपल्याला माहीत नसते.

उपवासाचंही बोलायला हवं. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्याला ओळखून केलेली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा, बरोबर वेफर्स आणि वर गोड दही. एरवीच्या जेवणापेक्षा जास्त कॅलरी आणि प्रथिनं त्या मानाने थोडी. उपवास करायचा तर ताक, फळ, भगर थोडी, रताळं उकडलेलं, असा करावा.

सध्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांविषयी फार विचारणा होते. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही ती औषधं. ती खरी आहेत, भोंदूपणा नाही. भूक शमवतात, आणि परदेशी अभ्यासांत त्यांनी सरासरी १५ ते २० टक्क्यांपर्यंत वजन उतरलेलं आहे. ज्यांचं वजन फारच जास्त आहे, सोबत मधुमेह वा हृदयविकार आहे, त्यांना त्यांचा मोठा आधार होऊ शकतो, आणि ती घेणाऱ्याला कुणी आळशी म्हणू नये. पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास होतात, चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि औषध थांबवलं की बरंचसं वजन परत येतं. लग्नाआधी दोन महिने घ्यायची ती वस्तू नाही. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय, कुणाच्या ओळखीने मागवून तर नकोच. हाच नियम ‘आयुर्वेदिक’ म्हणून घरपोच येणाऱ्या बिननावाच्या पावडरींना. डब्यावर घटक लिहिलेले नाहीत ती वस्तू पोटात घालू नये, मग ती कितीही श्रद्धेने कुणी दिलेली असो.

शेवटी, मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्या परिवारजनांसाठी एक महत्त्वाची सूचना. हा लेख वाचून जेवण एकदम कमी करू नका, आणि येत्या एकादशीचा उपवासही नेहमीच्या डोसवर करू नका. अन्न कमी आणि औषध तेवढंच, असं झालं की साखर धोकादायक खाली जाते. घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधडणं, बोलताना गोंधळ होणं ही त्याची लक्षणं. तसं झालं तर उपवास आहे म्हणून थांबू नये, लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि डॉक्टरांना फोन करावा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखाना गाठावा. गोळ्यांचं प्रमाण उपवासाच्या आधीच, आठवडाभर अगोदर, डॉक्टरांना विचारून ठरवून घ्यावं.